सकाळची उंची

हॅलो?… कोण?… अगं मुंगे, तू होय! हो, आजोबाच बोलतोय. इतकी हळू का बोलतेस?… आडवी आहेस? बरं नाही का तुला?… ताप?… मग पोट दुखतंय?… अगं, मग सुट्टीच्या दिवशी आठ वाजता आडवी का तू?… गाडीत?

थांब, थांब. कोणाच्या गाडीत?… बाबांच्या. मागच्या सीटवर. आणि गाडी कुठे आहे?… पोहण्याच्या तलावाबाहेर. मग उतर की!… उतरायचं नाही? का?… कमी होशील? काय कमी होशील?

हो, हो… ऐकतोय. काल संध्याकाळी सरांनी उंची मोजली… हं… खोल पाण्याच्या तुकडीला एकशे तीस लागते… आणि तुझी अर्धा सेंटिमीटर कमी भरली. अरेरे! ताई आहे ना त्याच तुकडीत?… ती काय म्हणाली?… ठेंगू? तिला म्हणावं… बरं, नाही म्हणत काही. पुढे सांग.

पुस्तकात? कुठल्या?… मीच दिलेल्या! काय लिहिलंय त्यात?… माणूस सकाळी जास्त उंच असतो. हो, बरोबर आहे, साधारण सेंटिमीटरभर. अगं, ते पान मला फार आवडतं. मणक्यांच्या मधे मऊ चकत्या असतात, त्या दिवसभर वजनाने दबतात आणि रात्री झोपलो की… हो, फुगतात. तुला पाठच आहे, मग मी कशाला सांगतोय?

पण म्हणून तू सकाळपासून उठलीच नाहीस? म्हणजे… दात?… झोपून घासलेस? आणि चूळ कुठे… नको, नको, सांगूच नकोस. गाडीपर्यंत कशी आलीस?… बाबांनी उचलून? चादरीत गुंडाळून? जिन्यात कोणी पाहिलं नाही?… शेजारच्या काकूंनी? काय म्हणाल्या?… दवाखान्यात नेताय का? बरोबर आहे त्यांचं, मलाही तेच वाटलं.

काय?… दारापर्यंत चालायचं की धावायचं? हे नाही गं पुस्तकात. थांब, विचार करू दे… धावलीस तर कण्याला दणके बसतील. चाललीस तर जास्त वेळ उभी राहशील… किती पावलं आहेत? डोकावून बघ… हां, डोकावायला उठावं लागेल. नको उठूस. अगं ऐक ना, चार पावलांनी काही होत नाही. चालत जा सरळ.

सर आले? जा, जा! फोन बाबांकडे दे.

हॅलो… अरे, काय चाललंय हे? ती लहान आहे, तूही तिच्या नादी लागलास?… खात्री करून घेतलीस? म्हणजे कशी?… झोपताना स्वतःची उंची मोजलीस, आणि सकाळी उठल्या उठल्या परत. किती?… नऊ मिलिमीटर! शाबास. म्हणजे घरात धड एकही माणूस नाही.

ताठ उभी राहा म्हणावं… टाचा भिंतीला… काय झालं?… अरे, बोल ना!… एकशे तीस? वर दोन मिलिमीटर? दे, तिला दे.

वा गं मुंगे!… हं?… मग आवाज असा का? भरलीस ना तू?… सरांना काय सांगितलंस?… सगळं? चकत्यासुद्धा?… विचारलं होतं का त्यांनी?… नाही. तुला राहवलं नाही. बरं… त्यांना खरं वाटेना, म्हणून गाडीतून पुस्तक आणून दाखवलंस. अरे देवा! मग?… मग ते म्हणाले, संध्याकाळी तू परत कमी भरणार, आणि ताईची तुकडी संध्याकाळची. खरंय त्यांचं… म्हणजे नाव लिहिलंच नाही?… लिहिलं? मग रडतेस कशाला?… सकाळच्या तुकडीत? किती वाजता?… सहा!

म्हणजे पाचला उठायचं. रोज… हो गं, ताई नसेल तिथे… नाही, मुळीच वेडेपणा नाही केलास. खोल पाणी तर मिळालं ना? आणि मला तरी कुठे गप्प बसता आलं असतं?… हो, पहाटे गार लागेल. पण एक गंमत सांगू? काठावरची लोखंडी शिडी धरशील ना, ती लाकडी बाकापेक्षा जास्त झोंबेल. खरं तर दोन्ही सारखीच गार असतात, पण लोखंड आपल्या हातातली… हॅलो?… अगं, ऐक ना, हातातली उष्णता… हॅलो?

ठेवला.