गिरीजच्या विहिरीचं पाणी

सकाळचं स्तोत्र आटोपून मी आमच्या सोसायटीचं पाणी तपासायला प्रयोगशाळेत गेले. माझ्या पुढे गिरीज गावच्या हेलनबाई आणि त्यांच्या सासूबाई होत्या. काउंटरवरच्या विनिताने त्यांच्या विहिरीच्या पाण्यात औषधाचा एक थेंब टाकला.

“अगो बाय, हे तर नारळाच्या दुधासारखं झालं!” हेलनबाई म्हणाल्या.

“पाण्यात मीठ खूप आहे, मावशी. विरघळलं की मिठाचे दोन भाग सुटे होऊन फिरतात. माझ्या थेंबातली चांदी त्यातल्या एकाला धरते. ती जोडी काही पाण्यात विरघळत नाही, म्हणून हा पांढरा साका.”

“संपलं, आई. खाऱ्या पाण्यावर केळी होत नाहीत, आता तुमचा लेक फर्डिनंड वाडी बिल्डरला देणार.”

“थांब गो हेलन. पोरी, चिमूटभर मिठानेही असं होतं?”

“होतं की. का, आजी?”

“रिपोर्ट चांगला यावा म्हणून बाटलीत मी फादरनी आशीर्वाद दिलेलं मीठ टाकलं.”

“आई!”

“मावशी, पिशवीतलं हे प्यायचं पाणी कुठलं?”

“त्याच विहिरीचं. घे.”

“बघा, यात थेंब टाकला तर जरासंच धुरकट झालं. केळीला चालेल.”

“हेलन, फर्डिनंडला फोन लाव. म्हणावं, केळीची रोपं सांगून ठेव.”

“आणि मिठाचं काय सांगू?”

“ते मी फादरनाच सांगेन.”