घोंगडीवर बसून खोटं बोलता येत नाही

आजच्या या सत्काराच्या आणि निरोपाच्या कार्यक्रमाचे मानाचे अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक धोंडिराम अण्णा. महाबळेश्वराहून घाट उतरून आपल्या कवठे महांकाळला आलेले पाहुणे लालासाहेब. व्यासपीठावरची थोर मंडळी, समोरच्या आयाबाया, आणि पंख्याखालची जागा धरून बसलेल्या आमच्या धोंडुबाई, सगळ्यांना या रंगुबाईचा रामराम.

सूनबाईनं बजावलंय, "आत्या, स्टेजवर शुद्ध बोला." मी दुसरीपर्यंत शाळेत गेले, तिसरीच्या वर्षी मेंढरांमागं गेले. तेव्हा जमेल तेवढं शुद्ध बोलते. मधेच घसरले तर हात देऊन वर घ्या.

सत्कार आहे माझ्या नातीचा, पल्लवीचा. ती इंटिरिअर डिझायनर आहे. म्हणजे काय, ते मला तीन वर्षं कळलं नव्हतं. भिंत बांधतो गवंडी, रंग देतो रंगारी, कपाट करतो सुतार. मग ही काय करते? धोंडुबाई तर आळीत सांगत होत्या, "रंगूची नात लोकांच्यात जाऊन सामान हलवती." आता खाली बघू नका धोंडुबाई, तुम्हीच म्हणालात.

तर पहिलं स्वतःचं काम तिला लालासाहेबांच्या हॉटेलाचं मिळालं. मिळालं म्हणजे अर्धंच. पाहुणे आल्या आल्या बसतात तो दिवाणखाना आधी मांडून दाखवायचा. पसंत पडला तर सगळं हॉटेल तिचं, नाहीतर पुण्याची पार्टी तयारच होती. पोरगी महिनाभर धड जेवली नाही. मग एक दिवस म्हणाली, "आजी, तुझी काळी घोंगडी दे. भिंतीवर लावून बघायची हाय."

मी म्हणाले, "घोंगडी एकटी जात न्हाई. मी बी येती."

निघताना सूनबाईनं एकच शिकवलं. "आत्या, तिथं कुणी काय बी विचारू दे, तुमी 'लय छान' म्हणायचं. दुसरं एक अक्षर न्हाई." मी सगळ्या वाटेत तेच घोकत गेले. एस्टीत शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, "कुठं निघालाय?" तरी माझ्या तोंडून "लय छान" गेलं.

पोचलो तर ऑगस्टचा पाऊस नुसता कोसळत होता. आत गेले आणि बघतच राहिले. भिंतीला गिलावाच नाही. मला वाटलं, बिचाऱ्यांचं सिमेंट संपलं असेल. कोंबड्या झाकायचं डालगं छताला उलटं टांगलेलं, आत दिवा. आंघोळीचं तांब्याचं घंगाळ कंबरेएवढ्या ओट्यावर बसवलेलं, त्यात हात धुवायचे. आणि कोच असा, की बसलं तर माणूस आत जातं आणि गुडघे कानाला लागतात.

पल्लवीनं माझी घोंगडी मधोमध जमिनीवर पसरली. रंग भिंतीला शोभतो का ते बघायला, हे मला नंतर कळलं. भोवतीनं लालासाहेब, पल्लवी आणि दोन मिस्त्री उभे, सगळ्यांची तोंडं गंभीर.

आता अध्यक्ष महाराज, तुम्हीच सांगा, आपल्यात मधोमध घोंगडी कशाला अंथरतात? निवाड्याला. माझ्या सासऱ्यांनी कुणाचं कोकरू कुणाच्या कळपात गेलं याचे निवाडे अशाच घोंगडीवर केले. त्यावर बसलेल्यानं खोटं बोलायचं नाही आणि गोष्ट मिटल्याशिवाय उठायचं नाही. मी चपला काढल्या आणि बसले.

"बसा की," मी लालासाहेबांना म्हणाले. "उभ्यानं कुठं निवाडा हुतोय व्हय?"

पल्लवी डोळे मोठे करत होती. पण हे पाहुणे खानदानी माणूस, बूट काढून मांडी घालून बसले. रीत ऐकून घेतली आणि मलाच विचारलं, "मग आजी, आता खरं सांगा. कसं वाटतंय?"

मंडळी, "लय" तोंडातून बाहेर आलं. "छान" काही येईना. बुडाखाली घोंगडी होती ना.

मी म्हणाले, "लय चुकलंय. ह्या पावसात माणूस भिजून येणार. छत्री कुठं ठिवायची? डालग्यातला दिवा डोळ्यात जातोय, समोरच्याचं तोंड दिसत न्हाई. आन माझ्या वयाचं माणूस ह्या कोचात बसलं तर उठवायला दोन गडी लागत्याल. घंगाळ तेवढं ब्येस हाय."

पल्लवीचा चेहरा असा झाला की मला वाटलं, आपण आपल्या हातानं लेकराचं ताट ओढलं. पण रीत ती रीत. मी म्हणाले, "आता तू बोल."

ती खाली बसली. म्हणाली, "हे सगळं मी फोनवर बघितलेल्या हॉटेलांवरनं घेतलंय, साहेब. एक बालीचं, एक जयपूरचं. कोचात मी स्वतः एकदाही बसून बघितलं नाही."

मग मी लालासाहेबांकडं वळले. "आता तुमी." त्यांनी घोंगडीचे दोरे चाचपले. मग म्हणाले, "मला बी ह्यातलं काय कळत न्हाई, आजी. आमच्या मंडळींना झुंबर पाहिजे, पोराला झोपाळा पाहिजे. मी नुसती मान हलवतो. पण बांधकाम सुरू केल्यापास्नं 'माझं चुकलं' म्हणणारं माणूस आज पहिल्यांदा भेटलं. पोरी, आठ दिवस घे आणि परत मांड."

मग मापं सुरू झाली. पल्लवीनं मलाच बसवलं, उठवलं, परत बसवलं. माझ्या गुडघ्यापासून जमिनीपर्यंत टेप लावली. आज महाबळेश्वरात बावीस खुर्च्या माझ्या गुडघ्याच्या मापाच्या आहेत. धोंडुबाई, तुमच्या गुडघ्याचं माप कुठं गेलंय का? दाराशी छत्र्यांना दगडी कुंड झालं. दिवे खाली कोपऱ्यात आले. घोंगडी भिंतीवर गेलीच नाही. लांब बाकांवर तशाच घोंगड्या अंथरल्या, पाहुणे त्यावर बसून चहा पितात. तिथं बसून लोक जेवणाबद्दल इतकं खरं बोलायला लागले, की लालासाहेबांना आचारी बदलावा लागला. पाहुणे मान हलवताहेत बघा.

सगळं हॉटेल पल्लवीला मिळालं. ते बघून केरळातलं काम आलं, येत्या परवा ती तिकडं निघणार. काल बॅग भरताना तिनं विचारलं, "आजी, त्या दिवशी घोंगडी खाली नसती तर तू काय म्हणाली असतीस?"

मी म्हणाले, "लय छान म्हणाले असते. आन तुझं काम पुण्याला गेलं असतं."

पोरगी हसली आणि बॅगेतली दोन नवी लुगडी... न्हाई, ते काय म्हणतात ते, ड्रेस, बाहेर काढले आणि घोंगडीला जागा केली.

आपण एवढ्या उन्हात आलात, माझ्या नातीला नारळ-शाल दिलीत, म्हातारीचं ऐकून घेतलंत, तुमच्या सगळ्यांच्या पाया पडते. बोलताना कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाचं नको ते बोलले असेन, तर पोटात घ्या. आणि आज मी उभ्यानं बोलले, पायाखाली भाड्याची सतरंजी आहे. तेव्हा नातीच्या कौतुकात थोडं पदरचं घातलं असेल, तर तेवढं चालवून घ्या.