रिकाम्या हातांची रांग

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या मंडळाचे आधारस्तंभ माननीय बालाजीराव, आजची सत्कारमूर्ती कनका, गिंडीच्या कारखान्यातून आलेल्या भगिनी, मंडळाचे सर्व सभासद, आणि मागे खांबाजवळ फोन उंच धरून उभे असलेले ते गृहस्थ, ज्यांना आमच्यापैकी कोणीही बोलावलेलं नाही, आपणा सर्वांना बँकेतून निवृत्त झालेल्या या चारुलताचा नमस्कार. गिंडीच्या भगिनींना माझं मराठी कळायचं नाही. कनकाची आई त्यांच्यात बसून तमिळमध्ये सांगते आहे, म्हणून मी जरा सावकाश बोलेन.

बालाजीराव म्हणाले, "चार गोड शब्द बोला." उभ्या नोकरीत मला ते जमलं नाही, आता काय जमणार!

कनकाची आणि माझी ओळख भांडणातून झाली. रविवारी याच सभागृहात वाचनवर्ग भरायचा. कॉफी झाली की आमची जुंपायची. ती समाजवादी, मी बाजारवाली. सामायिक मालकी, सहकार, नियोजन हे सगळं कागदावर शोभून दिसतं, पण स्वतःच्या फायद्याशिवाय माणूस बोटसुद्धा उचलत नाही, हे माझं ठाम मत. ती शांतपणे तिच्या तंजावरी मराठीत विचारायची, "अक्का, गल्लीतला दिवा कोणा एकट्यासाठी जळतो काय? नाही म्हणूनच तो सगळ्यांचा, नाही का?" मी म्हणायचे, "बिल कोण भरतं ते आधी सांग." बालाजीराव मध्ये पडून वडे मागवायचे.

मग शरण्याची गोष्ट घडली. शरण्या त्या बघा, तिसऱ्या रांगेत. त्यांच्या कारखान्यात काम वेगाने उरकावं म्हणून प्रेस मशीनची सुरक्षाजाळी काढून ठेवली आणि एका बाईची बोटं गेली. बायका फोनवरून आपापसात बोलू लागल्या. फोन कारखान्याचे. निरोप मात्र कुलूपबंद, कोणी वाचू शकणार नाही असे. साहेबांनी शरण्याला बोलावलं आणि काय म्हणाले? "तू काय लिहितेस ते मला ठाऊक नाही. पण पाळी सुटली की तू आधी या चौघींना लिहितेस, हे ठाऊक आहे." त्या चौघींचं काम आठवडाभरात गेलं. पत्र बंद होतं हो, पण पाकिटावर कोणी, कोणाला, केव्हा हे सगळं उघडंच होतं. संगणकवाले त्याला मेटाडेटा म्हणतात. 

कनकाने त्यावर उपाय म्हणून स्वतः एक ॲप तयार केलं. नाव ठेवलं 'पंगत'. त्यात प्रत्येकाच्या फोनवरून ठरल्या वेळी एकसारखं पाकीट निघतं. सांगण्यासारखं काही असो वा नसो, पाकीट निघायचंच. बहुतेक रिकामी, एखाद्यात निरोप. बाहेरून बघणाऱ्याला सगळी सारखीच. पण नुसत्या कारखान्यातल्या बायका पंगतीत बसल्या, तर तेवढ्यावरूनच त्या ओळखू येणार. म्हणून कनका तुमच्या माझ्या दारात आली. "अक्का, तुमच्याकडे लपवायला काही नाही, म्हणून तर तुम्ही हव्यात," म्हणाली. मी हसले. म्हटलं, "दुसऱ्यासाठी आपली बॅटरी कोण जाळेल, पोरी? रिकाम्या हाताने रांगेत कोण उभं राहतं?"

सुरुवातीला सगळे बसले. माझ्याही फोनवर ते आहे, वाद घालायला का होईना, मी ते ठेवलं. मग एकेक जण उठू लागला. कोणाचा फोन तापत होता, कोणाच्या मुलाने काढून टाकलं, कोणाला वाटलं उगीच भानगड कशाला. मी कोणालाच दोष देत नाही, मी तर हेच भाकीत केलं होतं. पण माझं खरं ठरलं त्या दिवशी मला मुळीच आनंद झाला नाही. कारण पंगत विरळ झाली आणि उरलेल्या बायका नेमक्या डोळ्यांत भरल्या. शरण्याला कामावरून काढलं. कनकाच्या ऑफिसातही कोणीतरी जाऊन बोललं, तिला राजीनामा द्यायला लावला, फोन आणि लॅपटॉप ठेवून घेतला. आता शरण्याच्या गल्लीच्या तोंडाशी दोन मोटरसायकली उभ्या असतात. बोटं गेलेल्या बाईचा खटला लढणाऱ्या वकिलांच्या दाराशीही असतात. आज आपल्या फाटकापाशी आहेत. येताना पाहिल्यात ना?

कनका उद्या तंजावरला जाते आहे. इथे तिला कोणी काम देईना. पण सोमवारी त्या खटल्याची सुनावणी आहे, तेव्हा कनका परत येणार आहे. जाळी काढली जात असताना ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहणारी एक बाई आहे. ती साक्ष देणार की नाही, हे तिने अजून कोणालाच कळवलेलं नाही. कळवणार तरी कसं, फोनवरही नजर आणि दारांवरही? ती या सभागृहात असेल, नसेलही. मला ठाऊक नाही आणि ठाऊक व्हायलाही नको.

खांबाजवळचे गृहस्थ दीपप्रज्वलनापासून फोन धरून आहेत. तो व्यासपीठाकडे नाही, तुमच्याकडे आहे. भाषण त्यांच्या कामाचं नाही. भाषणानंतर कनकाशी कोण जाऊन बोलतं, ते त्यांना हवं आहे. साहेब, मी तुमच्यासमोरच सांगते, कारण पद्धत उघडी असली तरी चालते, माणूस तेवढा झाकला पाहिजे, हे मला कनकानेच शिकवलं.

तर आपली एवढीच विनंती. निरोपाला आपण नेहमी दोनचार जण वर येतो आणि बाकीचे जेवणाकडे वळतो. आज तसं नको. आज एकूण एक माणूस वर येईल. एकेक फूल देईल, कनकाच्या कानाशी वाकेल आणि मनातल्या मनात रामरक्षेचा एक श्लोक होईल इतका वेळ तिथे थांबेल. काही सांगायचं नसेल तरी थांबेल. कनका, तूही प्रत्येकाला ऐकून सारखीच मान हलव. गृहस्थ, तुम्हालाही रांगेत जागा आहे.

मंडळाने बोलू दिलं, याबद्दल ऋणी आहे. आनंदाच्या कार्यक्रमात मी भीती आणली, अध्यक्षांचा वेळ खाल्ला, पाहुण्याला टोचून बोलले. वडीलधाऱ्यांनी पोटात घालावं.

पहिली मीच उभी राहते. माझ्याकडे सांगायला काहीही नाही. कनका, मी तुला म्हणाले होते, दुसऱ्यासाठी रिकाम्या हाताने कोणी रांगेत उभं राहत नाही. आज मला हरायचं आहे. मी मागे वळून बघणार नाही, रांग झाली की नाही ते तूच मला सांग.