बाबांनी सर्चमध्ये केलेला अर्ज

हे कोणाला सांगू नको, असं बाबांनी बजावलंय, पण तुम्ही घरच्याच मैत्रिणी.

आईच्या जुन्या शिलाई मशीनमध्ये धागा गुंतत होता, मिस्त्री गावाला गेलेला, आणि संध्याकाळी एका नवरीचा ब्लाउज द्यायचा होता. बाबा सरकारी ऑफिसातले. मोबाईल घेऊन तासभर बसले. मी वाकून पाहिलं तर सर्चमध्ये लिहिलेलं, “महोदय, सविनय निवेदन आहे की आमची मशीन...” आणि खाली आमच्या घराचा, समता कॉलोनीचा पत्ता.

“बाबा, हे काहून लिहून राहिले?”

“अर्ज केल्याबिगर काम होते का कुठं? पण हे तं नव्या मशीनीच दाखवून राहिलं.”

मी सगळं पुसलं. मशीनवर कोरलेला मॉडेल नंबर अवतरणचिन्हांत टाकला, पुढे फक्त ‘धागा गुंततो’. तिसरंच उत्तर नेमकं आईच्या मशीनचं, फोटोसकट! प्लेटखालची कमानी, म्हणजे स्प्रिंग, सरकली होती. आईने ती बसवली, चाक फिरवलं, आणि टाका सरळ पडत गेला.

बाबांनी मोबाईल उलटा करून पाहिला. मग हळूच म्हणाले, “ना अर्ज, ना सही. मंग मंजूर केलं कोणी?”

मी म्हटलं, बाबा, तिथे कोणी साहेब बसत नाही, तिथे फक्त शब्द जुळतात... थांबा गं, बाबा हाक मारताहेत. हव बाबा, आले.