मिसेस टॉलिव्हर कोण?

"मिसेस टॉलिव्हर!"

काळ्यांच्या मतहक्काच्या नव्या कायद्यानंतर वॉशिंग्टनहून आलेल्या गोऱ्या कारकुनाने तिसऱ्यांदा हाक मारली. अलाबामातल्या त्या पोस्टात मतदार नोंदणीसाठी बाकांवर सगळे काळेच बसले होते. त्यांच्यातल्या लूथरने दाराकडे पाहिलं. आता कोण गोरी मडम मध्येच घुसतेय? शेजारी ओडेसा आणि विनी या दोन म्हाताऱ्या कुजबुजत होत्या.

"ओडेसा, तुझंच आडनाव ना गं ते?"

"आडनाव माझं, पण मिसेस कोण?"

"तूच की!"

"छे! बासष्ट वर्षं गोऱ्यांच्या तोंडी मी नुसती ओडेसा, नाहीतर 'ए म्हातारे'. मिसेस टॉलिव्हर म्हणजे आमच्या मळ्याची मालकीण. माझा आजा त्यांचा गुलाम, म्हणून त्याला त्यांचंच आडनाव चिकटलं."

"ती इथं कशाला मरायला येईल? तिचं नाव कधीचंच आहे यादीत."

"आणि मी उठले अन् ती आलीच तर?"

"उठ गं बाई!"

ओडेसा टेबलापाशी गेली.

"साहेब, कुठल्या मिसेस टॉलिव्हर हव्यात?"

"तुम्हीच. या, बसा."

ओडेसा बसली नाही. खुर्चीची पाठ धरून तिने मान वळवली.

"विनी, बघ गं, माझ्यामागे कुणी उभं आहे का?"