जहाजभर ढलप्या

समता कॉलोनीतल्या दवाखान्यात देवश्रीनं मोबाइलमधून डोकं वर काढलं. शेजारच्या म्हाताऱ्या नवराबायकोत चांगलीच जुंपली होती.

“आपला विशाल जहाजावर इंजिनीयर आहे, विसरले काय?” म्हातारी म्हणाली.

“कसा विसरीन व? एवढं अगडबंब जहाज, अन् आत काय? लाकडाच्या ढलप्या!”

“ढलप्या हलक्या असतात, म्हणून जहाज मोठं लागते.”

“वा! म्हणजे पोट्टा नुसती हवाच वाहून राहिला.”

“जपानात कागद बनते त्याचा.”

तेवढ्यात नर्स आली.

“अंकलजी, ये आपके ऑपरेशन का फॉर्म. बेटा साइन करेगा ना?”

“सांग न व तिले. जपानात कागद बनला, का करतेच तो सही.”

म्हातारीनं फॉर्म आपल्याकडे ओढला. देवश्रीनं आपला पेन तिच्यापुढे धरला.