घेतोयच आता, तर मोठाच पंप घेऊ!

नाही, पण मला एक सांगा, जुना पंप गेला तर माणसानं तसाच दुसरा आणून बसवावा की नाही? तेच नट, तोच पट्टा, दुपारच्या जेवणाआधी काम खलास! पण नाही... आमच्या घरात साधं काही होतच नाही. कूलर आणला तो एवढा, की खोलीत आम्ही राहायचं की कूलरनं, तेच ठरेना. पलंग आणला, दारातून आत जाईना, शेवटी चौकट काढली! आणि दर वेळी आमच्या ह्यांचं, योगराजचं, एकच वाक्य, "कामिनी, घेतोयच आता, तर मोठाच घेऊ!"

तुम्हाला सांगते, रावेरच्या रस्त्याला आमचं गाड्या धुवायचं सेंटर आहे. आधी आम्ही जळगावात, पिंप्राळ्याला भाड्यानं राहायचो, हे शोरूममध्ये नोकरीला. मग ह्यांच्या डोक्यात आलं, गावाकडं केळीचे एवढे ट्रक फिरतात, ते धुतं कोण? आता केळीचा चीक तुम्हाला माहीत आहे ना... साडीवर पडला तर साडी फाटेल, डाग जाणार नाही. ट्रकवर, कॅरेटवर काळाकुट्ट बसतो, गार पाण्याला दाद देत नाही. म्हणून हे गरम पाण्याचं मशीन. मोटरच्या पट्ट्यावर पंप फिरतो, पंप पाणी ढकलतो, ते डिझेलच्या बर्नरवर तापतं आणि नळीतून असं सुसाट बाहेर! छान चाललं होतं हो... आणि पंप गेला.

गेला कधी? तर अभिमनभाऊ दारात उभे असताना! अभिमनभाऊ म्हणजे केळीच्या पॅकिंग हाउसचे मालक. माणूस सोन्यासारखा, पण बोलणं असं, की दोन शब्दांच्या मधे आपला चहा होऊन जातो. "वहिनी... गुरुवारी... आमचा कंटेनर येतोय. माल... परदेशी जायचाय. कंटेनर, कॅरेट... गरम पाण्यानं... चकाचक पाहिजेत. जमलं तर... सीझनचं काम तुमचं." आणि मागं आमचा पंप... खड्... खड्... फुस्स! उघडून बघितला, तर तेलात पाणी शिरलेलं, पार दुधाचा चहा झालेला तेलाचा!

झाली का पंचाईत! कारण शोरूमवाल्यांचा फोन येऊन गेला होता, परत यायचं तर याच आठवड्यात सांगा म्हणून. आणि सासूबाई, बेबाबाई त्यांचं नाव, त्या आधीच बसल्या होत्या तोंड फुगवून, कारण त्यांच्या म्हशींच्या गोठ्यातच आम्ही हे सेंटर थाटलं होतं. म्हणजे गुरुवारी फसलं, की चालले परत पिंप्राळ्याला!

अशा वेळी शहाणा माणूस काय करील? जळगावात तस्साच पंप मिळत होता. पण हे म्हणाले, "तसाच आणला तर तसाच जाईल. धुळ्याला मोठे मिळतात. घेतोयच आता..." पुढचं तुम्हीच म्हणा!

गेलो धुळ्याला. दुकानदार जिनेशभाई, भला माणूस, आधी विचारतोय, "योगराजभाई, मोटर केवढी आहे तुमची?" हे म्हणाले, "दणकट आहे!" "अरे दणकट नको भाई, आकडा सांगा! पंप मोठा म्हणजे पाणी जास्त येणार, मोटरनं ओढलं पाहिजे, बर्नरनं तापवलं पाहिजे ना?" ह्यांनी ऐटीत मोबाइलमधला फोटो काढला. फोटोत मी आहे, माझा पदर आहे, मागं म्हशीची गव्हाण आहे... मोटर कुठंय? मोटर माझ्या मागं! जिनेशभाई म्हणतो, "भाभी छान दिसतायत, पण मोटर दिसत नाही." तरी घेतला! तो मोठाच घेतला!

एस.टी.त वर ठेवला, तर खालची माणसं पटापट उठून उभी राहिली. मग घेतला मांडीवर. कंडक्टर म्हणतो, "ताई, काय आहे?" म्हटलं, "पंप आहे." "नाही, एवढं जपून धरलंय, मला वाटलं बाळच आहे." पारोळा गेलं, एरंडोल गेलं, माझे पाय कुठं गेले ते मला कळेना!

आणला. तर भोकं जुळेनात. मग लोखंडी पट्टी वेल्डिंग करून तिच्यावर बसवला एकदाचा. नारळ फोडला. पहिलं गिऱ्हाईक उखर्डूनाना, ट्रॉली घेऊन. ह्यांनी बटण दाबलं... मोटर अशी कण्हायला लागली, जशी बाळंत होतेय! आणि पाणी? अहो, पाण्यानं हेच मागं फेकले गेले, थेट चिखलात! नळी मोकाट, सापासारखी नाचतेय... ट्रॉलीमागं लिहिलेलं होतं 'आई-बाबांची कृपा', त्यातली आई उडाली. उखर्डूनाना म्हणतात, "वहिनी, एकट्या बाबांचीच कृपा राहिली, आता घरी आईला काय तोंड दाखवू?"

आणि एवढं करून पाणी... गार! बर्नर धडधडतोय, पण पाणी इतकं जोरात पळतंय की तापायला थांबतंय कुठं? सासूबाई आल्या. त्या मूळच्या सोनगीरच्या, बोलणं अजून तिकडचंच, अहिराणी. बोट पाण्यात बुडवलं आणि म्हणाल्या, "हाई काय गरम पानी शे? येनापेक्षा ते मना माठनं पानी गरम शे!"

हे चिखलात तसेच बसून राहिले. तुम्हाला खरं सांगते, तोवर मी भांडायच्या तयारीत होते... पण तो चेहरा बघितला आणि म्हटलं, जाऊ दे. मी जिनेशभाईंना फोन लावला. तो म्हणाला, "भाभी, घाबरू नका. पंप फार जोरात फिरतोय. त्याच्यावर मोठी पुली लावा, पट्टा फिरतो ते चाक. म्हणजे पंप हळू फिरेल, मोटर कण्हणार नाही, पाणी बेतानं येईल, कडक तापेल. आणि नळीचं तोंड त्या पाण्याच्या मापाचं लावा." मी म्हटलं, "म्हणजे मोठा आणायचा आणि हळू चालवायचा? मग लहान काय वाईट होता?" तर म्हणतो, "मोठा पंप निवांत फिरला की झिजत नाही, भाभी. तुम्हाला खूप वर्षं पुरेल."

ऐकलंत? चुकून का होईना, बरोबर निघाले की हो हे!

पण पुली? नळीचं तोंड मिळालं, पुली अख्ख्या बाजारात मापाची मिळेना. एका दुकानात चांगली बैलगाडीच्या चाकाएवढी होती. हे तिच्याकडं बघायला लागले... "कामिनी, घेतोयच आता..." दंडाला धरून बाहेर काढलं मी!

घरी आलो, तर सासूबाई गोठ्याच्या कोपऱ्यात. तिथं त्यांची कडबाकुट्टी असते, पोत्याखाली झाकलेली. सासरे गेल्यावर त्या यंत्रावर चारा कापून म्हशी पोसल्या त्यांनी, ह्यांचं शिक्षण केलं. म्हशी गेल्या, तरी दसऱ्याला तिला हळदकुंकू असतंच. त्यांनी पोतं काढलं, मोठ्या पुलीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "लई जाय." म्हणजे घेऊन जा! हे म्हणाले, "आई, तुझी कुट्टी आहे ती." तर म्हणाल्या, "बशी ऱ्हायनी ते गंजी जाई. फिरू दे तिले." आणि पटकन आत गेल्या. पदर डोळ्याला होता, मी बघितला.

लेथवाल्यानं पुलीचं भोक पंपाच्या मापाचं करून दिलं आणि गुरुवारी अभिमनभाऊ हजर. मोटर चालू... कण्हणं नाही! बर्नर पेटला, आणि नळीतून अशी वाफ निघाली म्हणता! कॅरेटवरचा काळा चीक नुसता ओघळत खाली. भाऊंनी पांढरा रुमाल काढला, कंटेनरच्या आतून फिरवला, उजेडात धरला. पांढराच! मग म्हणाले, "वहिनी..." आम्ही वाट बघतोय. "काम..." पुन्हा थांबले! शेवटी सासूबाईच ओरडल्या, "बोल ना भो, झट बोल!" "काम... सीझनचं नाही... वर्षभराचं तुमचं."

ह्यांनी शोरूमला फोन करून येत नाही म्हणून सांगितलं. सासूबाईंनी पुलीला हळदकुंकू लावलं.

आता थंडीचे दिवस, पहाटेपासून दारात गाड्यांची रांग, तालुक्यातल्या प्रत्येक ट्रकला कडकडीत पाण्याची आंघोळ... आणि मी? पंप चालू असला की घरातला गिझर लावायचा नाही, दोन्ही लावले की लाइट जाते! बादलीभर मशीनचं मागावं, तर हे म्हणतात, "एवढा ट्रक झाला की देतो." मग काय... करते गार पाण्यानं, आणि कुडकुडत मनात म्हणते, ट्रक काही संपू नयेत रे देवा!